मेनू उघडत नव्हता, आणि दोषी दोन सापडले

साइट अख्खी बंद पडली की मला उलट हायसं वाटतं. साइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या ५.२ आवृत्तीपासून, म्हणजे मे २०१९ पासून, एखाद्या प्लगइनमुळे, म्हणजे वरून जोडलेल्या तुकड्यामुळे, पीएचपी (सर्व्हरवर पान तयार करणारी भाषा) कोसळलं तर वाचकाला गंभीर त्रुटीची एक ओळ दिसते आणि साइट सांभाळणाऱ्याला मेल येतो. त्या मेलमध्ये प्लगइनचं नाव असतं, फाइल असते, ओळीचा क्रमांक असतो, शिवाय रिकव्हरी म्हणजे दुरुस्तीच्या मोडमध्ये शिरायची लिंक. त्याआधी नुसता पांढरा पडदा यायचा आणि एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइलींना थेट हात घालून, आत शिरून प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदलावं लागायचं. नाव बदललं की वर्डप्रेसला फाइली सापडत नाहीत आणि ते सगळी प्लगइन्स आपोआप निष्क्रिय करतं. मेल पोचलाच नाही तर आजही तोच उतारा.

डोकं खातात ती अर्धवट दुखणी. साइट उघडते, लेख दिसतात, लॉगमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) काही नाही, आणि तरी काहीतरी चालत नाही. अशाच एका दुखण्याची ही हकिकत.

सातारा जिल्ह्यातून निघणाऱ्या एका त्रैमासिकाची साइट मी सांभाळतो. स्थानिक इतिहास, जुनी वाचनालयं, वास्तू, माणसं असे विषय. संपादक निवृत्त शिक्षक आहेत. मी त्यांना सर म्हणतो, अख्खं गावच म्हणतं. वर्गणीदार बहुतेक साठीपुढचे आणि सगळे मोबाइलवर वाचणारे. त्यामुळे तक्रार लेखी येत नाही. ती सरांच्या फोनवर येते आणि सर मला फोन लावतात.

"अरे, ते तीन रेघांचं उघडतच नाहीये."

"सर, लॅपटॉपवर बघता का जरा?"

"लॅपटॉपवर चालतंय की. मोबाइलवर दाबतोय, ढिम्म. वाईहूनही दोघांचे फोन आले."

"मध्ये काही बदल केला होता का कुणी?"

"ती अपडेट्स साठली होती ना, तू सांगितलंस तसा बॅकअप घेतला आणि सगळी मारली. एक मात्र झालं हं, लेखाखाली ते काळे शंकरपाळे यायचे, ते गेले. तेवढं बरं झालं."

काळा शंकरपाळा म्हणजे आत पांढरं प्रश्नचिन्ह असलेला तो तिरका चौकोन. लेखाच्या शेवटी "हेही वाचा" म्हणून तीन लेखांची चौकट येते, तिथल्या उताऱ्यांच्या टोकाला तो दिसायचा. फॉन्टचा घोळ म्हणून सगळ्यांनीच त्याकडे कानाडोळा केला होता. सरांचं हे वाक्य मी पुढच्या कामासाठी तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं, कारण आधी बिघाड माझ्या डोळ्यांसमोर घडायला हवा होता.

तो घडेना. माझ्या मोबाइलवर मेनू व्यवस्थित उघडत होता. मग इनकॉग्निटो (लॉगिन नसलेली, कोरी) खिडकी उघडली आणि तिथे तो ढिम्म. फरक लॉगिनचा होता. कॅश करणारी (तयार पान साठवून तेच पुन्हा देणारी), स्क्रिप्ट आवळणारी (ब्राउझरमध्ये चालणारा कोड छोटा करून एकत्र बांधणारी) बरीच प्लगइन्स लॉगिन केलेल्या माणसाला हात लावत नाहीत. त्याला ताजं, न आवळलेलं पान मिळतं. सर लॅपटॉपवर कायम लॉगिन असतात, मी सगळीकडेच असतो. "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य वर्डप्रेसच्या बाबतीत इतकं ऐकू येतं त्याचं निम्मं कारण हेच आहे.

मग कुठल्या पानावर बिघाड आहे ते बघत गेलो. मुखपृष्ठावर मेनू उघडत होता. संपर्काच्या पानावरही. वाईच्या विश्वकोश कार्यालयावरच्या लेखात उघडत नव्हता, फोटोही मोठे होत नव्हते, प्रतिक्रियेखालचं उत्तराचं बटणही मेलेलं. भिलारच्या पुस्तकांच्या गावावरच्या लेखात मात्र सगळं सुरळीत. इंग्रजीत थोडेसे लेख आहेत, त्या विभागात कुठेही अडचण नाही. मराठी लेख बहुतेक सगळे बंद, पण अधूनमधून एखादा चालू. भिलार चालतं आणि वाई नाही, याला काय अर्थ लावायचा?

पहिला संशय थीमवर, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्यावर होता. थीम जुनी आहे, आणि जुन्या थीमचे मेनू जेक्वेरी नावाच्या तयार जावास्क्रिप्ट कोडवर चालतात. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ आलं तेव्हा जेक्वेरी मायग्रेट नावाचा जुन्या कोडला सांभाळून घेणारा तुकडा त्यांनी काढला आणि कितीतरी साइटींचे मेनू आणि स्लाइडर एका रात्रीत थिजले होते. पण जेक्वेरीचं दुखणं असतं तर ते सगळ्या पानांवर दिसलं असतं.

हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग नावाचं वर्डप्रेसच्या मंडळींचंच एक प्लगइन आहे. त्यातला ट्रबलशूटिंग मोड सुरू केला की फक्त तुमच्यापुरती सगळी प्लगइन्स बंद होतात, वाचकांना साइट नेहमीसारखीच दिसते. मग एकेक चालू करत बघायचं. एरवी मी डोळे मिटून तेच वापरतो. इथे ते कुचकामी होतं, कारण तो मोड लॉगिन केलेल्यालाच लागू होतो आणि हा बिघाड लॉगिन केलेल्याला दिसतच नव्हता. मग साइटची प्रत करणं आलं. होस्टिंगच्या पॅनेलवर प्रत काढायचं बटण असतं. ती वेगळ्या उपपत्त्यावर काढली, शोधयंत्रांना बंद केली, आणि इनकॉग्निटोमध्ये वाईचा लेख उघडून बिघाड प्रतीतही आहे याची खात्री केली. ही खात्री फार जण करत नाहीत. प्रतीवर कॅश बंद असते, मूळ बिघाड तिथे नसतोच, आणि माणूस "दुरुस्त झालं" म्हणून मोकळा होतो.

प्रतीवर ट्वेंटी ट्वेंटी-वन ही वर्डप्रेसची स्वतःची थीम लावली. तिचाही मेनू उघडेना. थीम सुटली.

आता प्लगइन्स. एकेक बंद करत जायचं असं सगळे सांगतात, पण वीसेक प्लगइन्स असली तर ते रटाळ काम आहे. निम्मी बंद करायची. बिघाड गेला तर दोषी त्या निम्म्यात, राहिला तर उरलेल्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचं निम्मं. चार-पाच फेऱ्यांत नाव हाती लागतं. प्रत्येक फेरीला कॅश पुसायची आणि इनकॉग्निटोची खिडकी बंद करून नव्याने उघडायची, नाहीतर जुनंच पान बघत बसाल.

वरची निम्मी बंद केली. मेनू उघडला. छान. खात्रीसाठी ती चालू करून खालची निम्मी बंद केली. मेनू तरीही उघडला.

इथे हा हिशेब मोडतो. दोन्हीकडे निम्मी बंद करून बिघाड जात असेल तर दोषी एकटा नाही. दोन प्लगइन्स आहेत, एक या निम्म्यात आणि एक त्या, आणि दोन्ही एकदम चालू असली तरच बिघाड दिसतो. अशा वेळी खालची सगळी निम्मी चालू ठेवायची आणि फक्त वरच्या निम्म्यातून पहिलं शोधायचं. ते सापडलं की ते चालू ठेवून खालच्यात दुसरं. अशी दोन नावं निघाली. एक, स्क्रिप्ट आवळून साइट वेगवान करणारं प्लगइन. दुसरं, लेखाखाली "हेही वाचा" दाखवणारं. यातलं कुठलंही एक बंद करा, मेनू उघडतो. नावं घेत नाही, कारण दोन्ही चांगली प्लगइन्स आहेत आणि दोन्ही अजून त्या साइटवर आहेत.

दोघांच्या मदत विभागांना लिहिलं. आवळणाऱ्यांनी कळवलं, पानातल्या पानात लिहिलेल्या स्क्रिप्ट एकत्र करायचा पर्याय बंद करा. लेखवाल्यांनी कळवलं, आवळणाऱ्या प्लगइनमधून आम्हाला वगळा. कुठलाही सल्ला मानला असता तरी मेनू उघडला असता. सरांचा सल्ला आणखी सोपा होता: "काढून टाक ना मग ते एक." पण ती चौकट सरांनीच हट्टाने लावून घेतली होती. जुन्या अंकांकडे वाचक जातात ते तिच्यातूनच.

कुठलं प्लगइन हे कळलं होतं. का, हे कळलं नव्हतं. आवळणारं प्लगइन बंद ठेवून मी वाईचा लेख पुन्हा उघडला. मेनू चालत होता, फोटो मोठे होत होते. खाली स्क्रोल केलं तर "हेही वाचा" हे शीर्षक, आणि त्याखाली कोरी जागा. म्हणजे एक प्लगइन बंद केल्याने मेनूचं दुखणं गेलं होतं, मूळ बिघाड तिथेच होता.

एफ-१२ दाबून ब्राउझरचा कन्सोल उघडला. दोन लाल ओळी. लोक शेवटची वाचतात कारण ती डोळ्यांसमोर असते. वाचायची असते पहिली. दुसरी सांगत होती की अमुक नावाचं काही अस्तित्वातच नाही, आणि ते पहिल्या ओळीचंच फळ होतं. पहिली सांगत होती की अनपेक्षित जागी अर्धविराम आला आहे. त्या ओळीवर क्लिक करून पानाच्या मूळ कोडमध्ये गेलो. लेखांची यादी ठेवायला एक व्हेरिएबल (माहितीला दिलेलं नाव) जाहीर केलं होतं, पुढे बरोबरचं चिन्ह, एक मोकळी जागा आणि लगेच अर्धविराम. जिथे तीन लेखांची शीर्षकं, पत्ते आणि उतारे असायला हवे होते तिथे काहीही नव्हतं. भिलारच्या पानावर त्याच जागी भली लांबलचक यादी होती.

आवळणारं प्लगइन चालू असलं की ते ही मोडकी ओळ उचलून थीमच्या, गॅलरीच्या, प्रतिक्रियांच्या स्क्रिप्टसोबत एकाच फाइलीत भरायचं. जावास्क्रिप्टची फाइल व्याकरणात कुठेही चुकली की ब्राउझर ती आख्खी टाकून देतो, त्यातलं एक अक्षरही चालवत नाही. म्हणून मेनू मेला. वेगवेगळ्या ठेवल्या तर फक्त तो तुकडा मरतो, बाकी चालू राहतात.

ती जागा रिकामी का? प्रतीवर डब्ल्यूपी-डीबग (वर्डप्रेसची चुका नोंदवायची सोय) चालू केलं, लॉग फाइलीत घ्यायला सांगितला. लॉगमध्ये इतर प्लगइन्सच्या किरकोळ कुरबुरी पुष्कळ होत्या, याबद्दल अवाक्षर नाही. कारण पीएचपीच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. जेसन-एन्कोड नावाचं फंक्शन माहितीची यादी जावास्क्रिप्टला कळेल अशा रूपात बदलतं, आणि जमलं नाही तर मुकाट्याने 'फॉल्स' परत करतं. पीएचपीत फॉल्स छापलं की काहीच छापलं जात नाही. का जमलं नाही हे दुसऱ्या एका फंक्शनला विचारावं लागतं. विचारणारी एक ओळ मी प्रतीवरच्या प्लगइनमध्ये घातली आणि पान पुन्हा उघडलं. उत्तर आलं: यूटीएफ-८ मधली, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीतली, अक्षरं बिघडलेली आहेत.

आणि शंकरपाळे आठवले. तेही बिघडलेल्या अक्षराचंच चिन्ह.

प्लगइनच्या कोडमध्ये उतारा कापणारी ओळ शोधायला मग वेळ लागला नाही. पीएचपीचं साधं सबस्ट्र वापरलं होतं: मजकुराचे पहिले १६० घ्या. १६० काय? आपल्याला वाटतं अक्षरं. सबस्ट्र मोजतं बाइट, म्हणजे साठवणीचे छोटे एकक. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, त्यामुळे फरक पडत नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो, वेलांटी असो की हलंताची खूण, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'की' सहा बाइटांची, 'क्ष' नऊ. मोकळी जागा, स्वल्पविराम आणि पूर्णविराम तेवढे एकेक बाइटाचे. १६० बाइटांत जेमतेम दहा मराठी शब्द बसतात. आपले उतारे दीड ओळीतच का संपतात असं सर कधीचे विचारत होते, त्याचंही उत्तर हेच.

सुरी १६० व्या बाइटवर पडते. तिथवरच्या मजकुरातल्या एकबाइटी खुणा मोजायच्या. तीनाने भागून एक उरला तर सुरी दोन चिन्हांच्या बरोबर मधे पडते. शून्य किंवा दोन उरले तर एका चिन्हाचे तुकडे होतात आणि अर्धं चिन्ह शेवटाला लोंबकळत राहतं. म्हणजे ढोबळमानाने तीनातला एकच उतारा धड निघतो, तोही नशिबाने. चौकटीत लेख तीन, आणि जेसन-एन्कोडला एकही खराब चिन्ह खपत नाही. तिन्ही उतारे एकाच वेळी धड असायची शक्यता सत्तावीसात एक. भिलारच्या लेखाखाली आलेल्या तीनही लेखांच्या सुरुवातीच्या खुणा मी मोजल्या. तिन्हींत बाकी एक. वाईखालच्या तीनांत एकच धड होता.

जुन्या आवृत्तीतही सबस्ट्रच होतं. फक्त तेव्हा उतारा सरळ पानात छापला जायचा, आणि अर्ध्या चिन्हाच्या जागी ब्राउझर शंकरपाळा दाखवून पुढे जायचा. नव्या आवृत्तीत तोच उतारा जेसनमधून न्यायला सुरुवात झाली. सरांना अपडेटमुळे सुधारलेलं दिसलं ते खरं तर सगळी चौकटच गायब झाल्यामुळे होतं.

हाच तीन बाइटांचा हिशेब वर्डप्रेसच्या पत्त्यांतही आडवा येतो. लेखाचा पत्ता डेटाबेसमध्ये साठवायला २०० जागा आहेत, आणि देवनागरी चिन्ह तिथे टक्क्यांच्या रूपात जातं, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. बावीस चिन्हांत खेळ खलास. 'सातारा जिल्ह्यातील जुनी वाचनालये' या शीर्षकाचा पत्ता 'जुनी'पाशीच तुटतो. मालिकेतला पुढचा लेख 'सातारा जिल्ह्यातील जुनी मंदिरे' असला की तोही तिथेच तुटतो आणि शेपटाला २ लागतो. त्यासाठी प्लगइन लागत नाही. पत्ता हाताने छोटा करून द्यायचा.

दुरुस्ती छोटी होती. प्लगइनची फाइल थेट बदलली तर पुढच्या अपडेटला ती पुसली जाते, म्हणून तिला हात लावला नाही. जेसन करण्याआधी यादी बदलू देणारा एक हुक (बाहेरचा कोड जोडायची जागा) त्या प्लगइनने ठेवला होता, ही लेखकाची मेहेरबानी. एमयू-प्लगइन्स फोल्डरमध्ये एक छोटी फाइल टाकली; त्या फोल्डरमधलं सगळं आपोआप चालतं आणि डॅशबोर्डवरून कुणी चुकून बंद करू शकत नाही. ती फाइल प्रत्येक लेखाचा उतारा डब्ल्यूपी-ट्रिम-वर्ड्सने नव्याने बनवते. हे वर्डप्रेसचं स्वतःचं फंक्शन मोकळ्या जागा बघून शब्द मोजतं, त्यामुळे शब्द मधेच तुटत नाही. पंचवीस शब्द ठेवले. आधी प्रतीवर, मग मूळ साइटवर, मग कॅश पुसून इनकॉग्निटोमध्ये वाईचा लेख.

प्लगइनच्या लेखकाला सविस्तर लिहिलं. "तुमच्या प्लगइनने साइट मोडली" अशा पत्राला उत्तर येत नाही, आलं तर "बाकीची प्लगइन्स बंद करून बघा" असं येतं. म्हणून त्याला तपासता येईल तेवढंच पाठवलं: मराठीतला एक परिच्छेद, पीएचपीची आवृत्ती, बरोबरच्या चिन्हापुढची रिकामी जागा, आणि सबस्ट्रची ओळ. बंगाली, तमिळ, थाई, जपानी या सगळ्यांना तीन बाइट लागतात, रशियन आणि अरबीला दोन, त्यामुळे तिथेही हे होत असणार, हेही जोडलं. उत्तर लवकर आलं, आणि सभ्य होतं. त्याच्या चाचणीच्या साइटवर सगळा नमुना मजकूर रोमन लिपीतला होता.

पुढच्या आवृत्तीत त्याने सबस्ट्रऐवजी एमबी-सबस्ट्र घातलं. ते बाइटांऐवजी चिन्हं मोजतं, त्यामुळे यूटीएफ-८ बिघडत नाही आणि मेनू मरत नाही. पण मराठी वाचकाला चिन्ह आणि अक्षर एक नसतं. 'क्ष' ही तीन चिन्हं आहेत, आणि सुरी दुसऱ्यानंतर पडली तर शेवटी लंगडा 'क्' उरतो. 'की'मधून वेलांटी गळून नुसता 'क' राहतो. म्हणून माझी फाइल अजून तिथेच आहे. प्रतीवर आता चाचणीचे लेख कायमचे ठेवलेत: भागाकाराची बाकी शून्य, एक आणि दोन येणारे तीन, एक जोडाक्षरावर कापला जाणारा, आणि इमोजी असलेला एक, कारण इमोजीला चार बाइट लागतात. अपडेट आधी तिथे होतं, मग मूळ साइटवर.

आवळणारं प्लगइनही चालू आहे. पानातल्या स्क्रिप्ट एकत्र करायचा पर्याय मात्र बंद केला. सर्व्हर एचटीटीपी-२ (पानं पाठवायची नवी पद्धत) वर असला की एकाच जोडणीतून अनेक फाइली एकदम येतात, त्या एकत्र शिवून फारसं काही वाचत नाही. आणि पुन्हा कधी एखादी ओळ मोडलीच, तर तिच्यासोबत मेनू जाणार नाही.